चाळीस कोटी गिरक्या

डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन आला, तेव्हा औषध खात्याची तपासनीस जेमतेम खुर्चीत टेकली होती.

“मॅडम, चौथा डोळाही गेला,” डॉक्टर म्हणाले. “त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचा. कालपर्यंत थोडी आशा होती.”

तिने फोन ठेवला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अकरा जणांच्या डोळ्यांत एकाच लॉटचे थेंब पडले होते. अकराही डोळे भाजल्यासारखे लाल झाले. सात वाचले, चार गेले.

लगेच दुसरा फोन वाजला. हा तिच्या साहेबांचा होता.

“आज संध्याकाळी अहवाल टेबलावर हवा. ती मुलगी दोषी आहे हे उघड आहे, मग अडलंय कुठे?”

अडलं होतं ते तिलाही धड सांगता येत नव्हतं. सरकारी प्रयोगशाळेने उरलेल्या बाटल्या तपासल्या होत्या. थेंबांत टाकी धुवायचं द्रावण मिसळलेलं निघालं. पण कंपनीच्या प्रयोगशाळेतला त्याच लॉटचा अहवाल म्हणत होता, औषध शुद्ध आहे. अहवालावर तारीख होती बारा नोव्हेंबर, वेळ सकाळचे अकरा वीस. चाचणी करणारीचं नाव होतं प्रयोगशाळेतल्या सगळ्यात नव्या मुलीचं. तिला तिथे सगळे धाकटी म्हणत.

कंपनीचं म्हणणं सरळ होतं. धाकटीने आळस केला, चाचणीच्या नळीत दुसऱ्याच बाटलीतलं चांगलं औषध भरलं आणि चाचणी उरकली. तिला घरी बसवलं होतं. उद्या पोलीस तिच्या दारात जाणार होते.

आणि धाकटी एकच वाक्य धरून बसली होती: “मी त्या लॉटची चाचणी केलीच नाही.”

तपासनीस निघाली, तशी सासूबाईंनी फोनवर गाठलंच. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं.

“मी ऑपरेशन करू की नको, ते सांग. आणि तुमच्या खात्यातली माणसं काय झोपा काढत होती का गं?”

“करू नका सध्या,” ती म्हणाली. दुसरा प्रश्न ऐकलाच नाही असं दाखवून तिने गाडी सुरू केली.

कंपनीच्या प्रयोगशाळेत ती तिसऱ्यांदा येत होती. दोन्ही वेळा हात हलवत परतली होती. प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणत, तिला पाहताच घड्याळाकडे बघायला लागले.

“मॅडम, फाइल तुमच्याकडे आहे. जबाब तुमच्याकडे आहेत. आता आणखी काय हवंय?”

“मशीन पुन्हा बघायचंय.”

“मशीनला काय झालंय? मशीन उत्तम आहे.”

“मग बघायला हरकत नसावी.”

त्यांनी मान उडवली आणि आप्पांना हाक मारली.

आप्पा त्या मशीनचे रखवालदार, मेकॅनिक आणि वैद्य. बावीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. खोलीच्या मधोमध माणसापेक्षा उंच, पांढरं, पिंपासारखं चुंबक उभं होतं. दारात लाकडी ट्रे.

“घड्याळ, चाव्या, मोबाइल, पर्स. आणि केसातली पिन.”

“पिन सुद्धा?”

“मागल्या खेपेलाही विसरला होतात. तुमची पिन गेली तर जाऊ दे, माझं चुंबक दुखावेल.”

तिने चरफडत पिन काढली. केस कपाळावर आले. बाहेर ट्रेमध्ये तिचा फोन थरथरत राहिला. साहेबच असणार.

“आप्पा, मला पुन्हा एकदा सांगा. हे मशीन करतं काय? मी रसायनशास्त्र शिकले होते, पण आता सगळं धुऊन निघालंय.”

आप्पांना हा प्रश्न आवडत असावा. त्यांनी खिशातून लेखणी काढून तिरपी धरली आणि तिचं वरचं टोक हवेत गोल गोल फिरवलं.

“भोवरा बघितलाय ना? कलला की फिरता फिरता मान गोल घुमवतो. औषधात हायड्रोजनचे अणू असतात. त्यांच्या पोटातलं केंद्रक या चुंबकात तसंच मान घुमवतं. याला परांचन म्हणतात. सेकंदाला चाळीस कोटी गिरक्या. शेजारी कोण बसलंय त्यावर प्रत्येकाची गिरकी किंचित वेगळी. तेवढ्या फरकावरून आलेखात एकेक शिखर उठतं. औषधाची शिखरं ठरलेली असतात. मध्येच परकं शिखर दिसलं, की समजायचं काहीतरी घुसलंय.”

“आणि त्या आलेखात परकं शिखर नव्हतं.”

“नव्हतं. मी पाहिलाय. धुतल्या तांदळासारखा स्वच्छ.”

“मशीन चुकलं असेल?”

आप्पांचा चेहरा उतरला. “म्हातारं झालंय, पण चुकत नाही हो. हां, जोर थोडा थोडा कमी होतोय. तासाला एखादी गिरकी कमी, दिवसाला चोवीस. दर सोमवारी सकाळी मी आकडा लिहून ठेवतो. कंपनीला किती वेळा सांगितलं, बाहेरचा माणूस बोलवा, बघून जाऊ दे. पण सर म्हणतात, चाळीस कोटीत चोवीस म्हणजे काय? आलेखाला फरक पडत नाही. ते खरंच आहे म्हणा. सगळेच अणू एकदम मंदावतात, त्यामुळे शिखरं जागच्या जागी दिसतात. पण आपलं माणूस रोज तोळा तोळा उतरत असेल, तर जिवाला लागतंच ना? शनिवारी काम संपलं की मला घरी चैन पडत नाही. रविवारी येऊन चुंबक थंड ठेवणारा नायट्रोजन भरतो, तेव्हा कुठे बरं वाटतं.”

हे पुराण तिने दोनदा ऐकलं होतं. ती बाहेर आली आणि पुन्हा जबाबांकडे वळली. निदान तिथे माणसं तरी होती.

आधी तिने ताईंना बोलावलं. ताई म्हणजे प्रयोगशाळेतल्या सगळ्यात अनुभवी रसायनतज्ज्ञ, चौदा वर्षांची नोकरी. नियम असा होता की चाचणी एकाने करायची आणि पडताळणीची सही दुसऱ्याने. त्या अहवालावर पडताळणीची सही ताईंची होती. धाकटीला काम त्यांनीच शिकवलं होतं. आताही त्यांचे डोळे ओले होते.

“पोरगी वाईट नाही हो, मॅडम. घाई झाली असेल. तिला जरा सांभाळून घ्या.”

“बारा तारखेला तुम्ही कुठे होतात?”

“इथेच. तिच्या शेजारच्या टेबलावर.”

“तुम्ही तिला ही चाचणी करताना पाहिलंत?”

“पाहिलं. तसं लिहूनच दिलंय मी.”

“याच लॉटची? त्या दिवशी तिने आणखी दोन लॉट तपासले होते.”

“याच लॉटची. नळीवरचं लेबल मी वाचलं. माझ्यासमोर तिने नळी चुंबकात सोडली. आत काय भरलं होतं, ते मात्र देवालाच ठाऊक.” त्यांनी घड्याळ पाहिलं. “मॅडम, चार वाजता मला निघावं लागतं. आई अंथरुणाला खिळलीय. तिच्याजवळ बसणारी बाई चारच्या पुढे एक मिनिट थांबत नाही.”

तपासनिसाला त्यांची दया आली. मग तिने सरांना गाठलं.

“संगणकाचे पासवर्ड कोणाकोणाला माहीत असतात?”

“ज्याचा त्याला.”

“धाकटीचा?”

“तिचा तिला. शिकवणाऱ्यालाही असेल सुरुवातीला. मॅडम, तुम्ही मला हेच तिसऱ्यांदा विचारताय.”

“दिवसाला या मशीनवर किती चाचण्या होतात?”

“सहा.”

“आणि कारखान्याकडून किती लॉट येतात?”

सर घुटमळले. “कधी आठ. कधी अकरा. आम्ही जमवतो. त्याचा इथे काय संबंध?”

“तुम्ही स्वतः मशीन चालवता?”

“दोन वर्षांत हात लावलेला नाही. मला मीटिंगांमधून वेळ कुठे मिळतो?” त्यांचा आवाज चढला. “फाइल आहे, सही आहे, साक्षीदार आहे. तुम्हाला ती मुलगी वाचवायचीच असेल तर तसं सांगा!”

तपासनिसाने एक रिकामं टेबल मागितलं.

दुपारी एक वाजून गेला. तिने बारा नोव्हेंबरचे धाकटीच्या नावाचे तिन्ही अहवाल टेबलावर शेजारी शेजारी मांडले. पहिला दहा वाजून पाच मिनिटांचा, दुसरा तो वादातला, अकरा वीसचा, आणि तिसरा बारा चाळीसचा. तिन्ही स्वच्छ. हे कागद तिने इतक्या वेळा वाचले होते की लॉट नंबर पाठ झाले होते. काहीही खटकत नव्हतं. खटकत नाही याचाच तिला संताप आला. तिने कागद ढकलून दिले, डोकं हातांत धरलं आणि मग स्वतःच्याच हट्टाला वैतागून ठरवलं, की आता अक्षर न् अक्षर बोटाने वाचायचं. नाव, तारीख, तापमान, द्रावण. अगदी तळाच्या, मुंगीएवढ्या ओळीपर्यंत.

त्या ओळीत एक लांबलचक आकडा होता. तिन्ही कागदांवर होता. सुरुवात सारखी, चाळीस कोटी आणि पुढे काहीबाही. शेवटचे चार अंक तेवढे वेगळे.

पहिल्या कागदावर ४४१०. तिसऱ्यावर ४४०७. मधल्यावर ५४६५.

तिने पुन्हा बोट ठेवून वाचलं. मग ती उठली आणि धावतच चुंबकाच्या खोलीपाशी गेली. या वेळी पिन तिने न सांगता काढली.

“आप्पा, ही खालची ओळ काय आहे?”

“ती? गिरक्यांचा आकडा. चाचणीआधी मशीन स्वतःच मोजतं आणि फाइलच्या पोटात लिहून टाकतं. कुणी वाचत नाही. का?”

“तुमची सोमवारची वही द्या.”

आप्पांची वही म्हणजे जुन्या डायरीला चढवलेलं खाकी कव्हर. दर सोमवारी एक ओळ. आकडे उतरत चालले होते, एकदाही न चुकता, एकदाही वर न जाता. अकरा नोव्हेंबरच्या सोमवारी सकाळी नऊला ४४३५. म्हणजे बाराच्या सकाळी ४४१० बरोबर होतं. ५४६५ मात्र कुठेच बसत नव्हतं. तिने पानं मागे उलटली. नोव्हेंबर संपला, ऑक्टोबर संपला. तीस सप्टेंबरच्या सोमवारी ५४४३. ५४६५ त्याच्याहून बावीसने जास्त, म्हणजे जेमतेम एक दिवस आधीचा.

“आप्पा, अठ्ठावीस सप्टेंबरच्या शनिवारच्या शेवटच्या चाचणीची फाइल काढता येईल?”

ती काढायला त्यांनी सरांना बोलावलं. सर कुरकुरत आले, त्यांनी फाइल उघडली. शनिवार, संध्याकाळी पाच. ५४८३.

तपासनीस खुर्चीत बसली. सकाळपासून पहिल्यांदाच तिला शांत वाटत होतं.

“रविवारी कोणी चाचणी केली होती?”

“रविवारी लॅब बंद असते,” सर म्हणाले. “एकोणतीस तारखेची एकही फाइल नाही. बघा ना.”

“नाहीच असणार. फाटकावरचं रजिस्टर मागवा.”

रजिस्टर आलं. एकोणतीस सप्टेंबर, रविवार. प्रयोगशाळेच्या रकान्यात एकच सही होती. आप्पांची.

सरांनी आप्पांकडे अशी नजर टाकली की म्हाताऱ्याने मागे सरून चुंबकाला पाठ टेकवली.

“मला ठाऊकच होतं,” सर म्हणाले. “हा माणूस या खोलीत एकटा असतो...”

“मी नायट्रोजन भरतो!” आप्पांचा आवाज फाटला. “या संगणकाचा पासवर्ड सुद्धा नाही माझ्याकडे. आत्ता फाइल काढायला तुम्हालाच बोलवावं लागलं ना?”

“आप्पा,” तपासनीस हळूच म्हणाली, “त्या रविवारी तुम्ही एकटे होतात?”

“नाही. ताई होत्या की.”

“रजिस्टरमध्ये त्यांची सही नाही.”

“कशी असेल? फाटकातून नाही आल्या त्या. मागच्या दाराशी भेटल्या, नायट्रोजनची टाकी ढकलायला हात लावला आणि माझ्याबरोबरच आत आल्या. म्हणाल्या, मागे पडलेलं काम उरकते. मी टाकी भरली, जेवायला गेलो. दोनला परत आलो, तेव्हा निघत होत्या.”

“हे तुम्ही आजवर कुणाला सांगितलं का नाहीत?”

आप्पा हतबुद्ध होऊन तिच्याकडे पाहत राहिले. “कुणी विचारलं का, मॅडम? तुम्ही सगळे बारा तारीख, बारा तारीख करत होतात. बाराला मी पण इथेच होतो, ते सांगितलं.”

तिला हसू आलं आणि रडूही. तीन खेपा, नऊ जबाब आणि विचारायचा प्रश्न राहूनच गेला होता.

तिने धाकटीला फोन करून बोलावून घेतलं. तीन वाजता सरांच्या खोलीत चौघं बसली. सर, ताई, आप्पा, आणि दाराजवळच्या खुर्चीत धाकटी. तिने कुणाकडेच पाहिलं नाही.

“हा अहवाल बारा नोव्हेंबरचा नाही,” तपासनिसाने सुरुवात केली.

“तारीख आहे त्यावर,” सर म्हणाले.

“तारीख माणसाने घातलीय. नाव माणसाने घातलंय, लॉट नंबर माणसाने घातलाय. पण तळाचा आकडा मशीनने लिहिला आणि तो बदलायचं कुणाला सुचलं नाही, कारण तो कुणी वाचतच नाही. हे चुंबक रोज थोडं उतरतं. रोजच्या गिरक्या आदल्या दिवसापेक्षा कमी. बारा तारखेलाच याच्या आधीच्या चाचणीचा आकडा ४४१०, नंतरच्या चाचणीचा ४४०७. मध्ये एक हजाराने वर उडी आणि पुन्हा खाली, असं होणं शक्य नाही. ५४६५ हा आकडा शनिवार अठ्ठावीस सप्टेंबरच्या संध्याकाळच्या खाली आहे आणि सोमवार तीस सप्टेंबरच्या सकाळच्या वर. म्हणजे हा आलेख त्या रविवारी काढलाय. आणि तो शुद्ध औषधाचा आहे. चव्वेचाळीस दिवसांनी ज्या लॉटला तो चिकटवला, तो लॉट तेव्हा तयारही झाला नव्हता.”

तिने धाकटीकडे पाहिलं. “तू कामाला कधी लागलीस?”

“एक ऑक्टोबर.”

“म्हणजे आलेख निघाला तेव्हा तू इथे नव्हतीस. मूळ फाइल संगणकावर नाही. ज्याने काढली, त्यानेच ती स्वतःजवळ ठेवली आणि इथून पुसली. त्या रविवारी मशीनच्या खोलीत आप्पा होते आणि ताई होत्या.”

ताई ताठ बसल्या. “मी मागचं काम उरकत होते. त्यावरून काय सिद्ध होतं?”

“नुसत्या त्यावरून काहीच नाही.” तपासनिसाने एक कागद पुढे केला. “हा तुमचा जबाब. तुमच्या हातचा. ‘लेबल मी वाचलं, माझ्यासमोर तिने नळी चुंबकात सोडली.’ आज सकाळी पण हेच सांगितलंत. ताई, बाराला त्या लॉटची चाचणी झालीच नाही. नळी भरलीच गेली नाही. जी नळी कधी नव्हती, तिचं लेबल तुम्ही वाचलंत कसं? दुसऱ्या कोणी तुम्हाला फसवलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, मी कागद पाहून सही केली. तुम्ही पाहिलं म्हणालात, कारण कागद तुम्हीच बनवला होता. पडताळणीला तुमची सही लागणार, मग चाचणीला दुसऱ्याचं नाव हवं. धाकटीला शिकवताना तिचा पासवर्ड तुम्हाला मिळाला होता.”

ताईंनी जबाबाचा कागद उलटा करून ठेवला.

“तिला अडकवायचं नव्हतं,” ताई शेवटी म्हणाल्या. “खरंच नव्हतं. दिवसाला सहा चाचण्यांचं मशीन आणि अकरा लॉट. सर म्हणायचे, जमवा. जमवायचं म्हणजे रात्री आठपर्यंत थांबायचं. दोनदा थांबले. दोन्ही वेळा आई अंथरुणात भिजलेली, तहानेली, एकटी पडलेली होती. सगळा वेळ नळ्या भरण्यात आणि बदलण्यात जातो, म्हणून मग मी रविवारी येऊन चांगल्या औषधाची एकच नळी आत ठेवली आणि एकामागून एक आलेख काढून ठेवले. औषध नेहमी चांगलंच निघायचं. चौदा वर्षांत एकदाही परकं शिखर आलं नव्हतं.”

“आणि चार डोळे गेल्यावर?” धाकटी उठून उभी राहिली. “ताई, तुम्ही माझ्या घरी येऊन माझ्या आईला धीर दिलात! माझ्या डब्यातलं जेवलात. तेव्हा तरी...”

ताईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. “तेव्हा भीती वाटली,” त्या म्हणाल्या. “मी आत गेले तर आईला पाणी कोण देणार?”

तपासनिसाला राग येत होता, पण तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. मग तिच्या मनात एक शब्द अडकला.

“आलेख म्हणालात. किती काढले होते?”

ताईंनी पर्स मांडीवर ओढली.

“ताई, किती?”

“नऊ.”

सर खुर्चीत पुढे सरकले. “सगळे वापरले?”

“सगळे.”

“कोणत्या लॉटना?”

“आठवतील तेवढे सांगते. दोन-तीन नक्की आठवत नाहीत.”

“आठवायची गरज नाही,” तपासनीस उठली. “आप्पा, सर, ऑक्टोबरपासूनच्या सगळ्या फाइली उघडा. ज्यांच्या तळाशी ५४८३ आणि ५४४३ च्या मधला आकडा असेल, त्या बाजूला काढा.”

सर जागचे हलेनात. “मॅडम, हे बाहेर गेलं तर कंपनी...”

“सर, ‘जमवा’ हा शब्द माझ्या अहवालात तुमच्या नावासकट जाणार आहे. निदान पुढची ओळ तरी बरी लिहू द्या मला.”

सर उठले.

चारच्या आत नऊही फाइली सापडल्या. ताईंनी शिकवलेल्या तीन जणांच्या नावावर, नऊ वेगवेगळ्या तारखांना. एक लॉट डोळे घेऊन गेलेला. आठ विक्रीला मंजूर झालेले. तपासनिसाने आधी ताईंच्या शेजारणीला फोन करून आईजवळ बसवलं, मग पोलिसांना बोलावलं. ताई निघाल्या तेव्हा धाकटी दारातून बाजूला झाली नाही. ताईंनाच अंग चोरून जावं लागलं.

“तू उद्यापासून ये,” सर तिला म्हणाले. “झालं ते झालं.”

“उद्या कशाला? आठ लॉटच्या राखून ठेवलेल्या बाटल्या कपाटात आहेत ना? मग आत्ताच खऱ्या चाचण्या करू.” तिने मनगटावरचं घड्याळ काढून ट्रेमध्ये टाकलं. “आणि सर, माझ्या निलंबनाचं पत्र मागे घेतल्याचं मला लेखी हवंय. तोंडी नको.”

साहेबांचा फोन आला, तेव्हा दुसरी चाचणी चालू होती. “अहवाल तयार?”

“अर्धा झालाय.”

“मुलीचं काय?”

“ती काम करतेय. मध्ये बोलू नका, साहेब,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला. नोकरीत पहिल्यांदाच.

पहिले दोन आलेख स्वच्छ निघाले. तिसरा पडद्यावर उमटू लागला. ओळखीची शिखरं एकेक करून उभी राहिली आणि मग उजवीकडे, जिथे काहीच असायला नको होतं तिथे, एक बारीकसं टोक वर आलं.

“हे?” तपासनिसाने विचारलं.

“हेच,” धाकटी म्हणाली. “टाकी धुवायचं द्रावण.”

त्या लॉटची खोकी दोन दवाखान्यांत गेली होती. एका ठिकाणचा फोन लागला. खोकी अजून फोडली नव्हती. दुसऱ्या ठिकाणचा सतत व्यस्त. तिने सात वेळा लावला, आठव्यांदा सरांच्या फोनवरून, नवव्यांदा आप्पांच्या. शेवटी गाडी काढून ती स्वतःच निघाली. अर्ध्या रस्त्यात तिकडून फोन आला. एक बाटली सकाळीच वापरली होती, एका बस ड्रायव्हरच्या डोळ्यात.

“लगेच डोळा धुवा. धूत राहा. मी येतेय.”

त्याचा डोळा वाचला. सहाव्या लॉटमध्येही ते टोक निघालं, पण ती खोकी कारखान्याच्या गोदामातच होती. बाकीचे सहा लॉट निर्दोष ठरले. ताईंना शिक्षा झाली, सरांना पद सोडावं लागलं आणि चार जणांना त्या डोळ्यांनी पुन्हा कधीच दिसलं नाही. अहवालात हे सगळं क्रमाने लिहून झाल्यावर तपासनिसाने शेवटच्या पानावर एक शिफारस जोडली, की या मशीनवर दिवसाला सहापेक्षा जास्त चाचण्या मागितल्या जाऊ नयेत. साहेबांनी ती ओळ खोडली. तिने पुन्हा लिहिली. त्यांनी पुन्हा खोडली. तिसऱ्या खेपेला तिने ती स्वतःच्या सहीखाली, शाईने लिहिली आणि मग अहवाल पुढे पाठवला.